एका शून्याने निष्कर्ष फिरतो तेव्हा

प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली की कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एक ओळखीचं दृश्य दिसतं. चौघांत एक कॉम्प्युटर, गुगल फॉर्मवरून उतरवलेली एक्सेल शीट, कोपऱ्यात गार झालेला चहा आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, "काय भो, स्टार आला का?"

स्टार म्हणजे सहसंबंधाच्या तक्त्यात आकड्याशेजारी बसणारी ती चांदणी. एक आली तर बरं, दोन आल्या तर पार्टी. चांदणी दिसली की प्रोजेक्ट सुटला असं आपण धरून चालतो. मग तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर शांतपणे विचारतात, "हा आकडा सांगतो काय?" आणि लॅबमध्ये गलका करणारे चौघेही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागतात.

हसू नका, त्या चौघांत एकेकाळी मीही होतो. माझा विषय साधा होता. गावाहून रोज ये-जा करणाऱ्या मुलांचा प्रवासाचा वेळ आणि त्यांचा अभ्यास यांचा काही संबंध आहे का? प्रवास जास्त तर अभ्यास कमी, असं उत्तर येईल अशी अपेक्षा होती. आलं उलटंच. स्टार नव्हता, तरी मी 'सकारात्मक कल दिसतो' असं ठोकून लिहिलं. वर 'प्रवास करणारी मुलं जिद्दी असतात' असं अर्धं पान स्पष्टीकरणही जोडलं. जमा करायच्या आदल्या दिवशी एका मैत्रिणीने विचारलं, "आलेख काढलास का?" काढला. सगळे ठिपके खाली आणि एक ठिपका वर आभाळात. रात्री झोपेत एका मुलाच्या ५ तासांचे मी ५० तास टाइप केले होते. माझं ते अर्धं पान एका शून्यावर उभं होतं.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये असं होऊ नये, म्हणून हा लेख.

आठ जणांचा हिशेब

सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी एकमेकींसोबत कशा बदलतात याचं माप. ही कल्पना इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने १८८८ मध्ये मांडली आणि कार्ल पिअर्सनने तिला आज आपण वापरतो ते सूत्र दिलं. म्हणून त्या आकड्याला पिअर्सनचा सहसंबंध गुणांक म्हणतात, लाडाने 'आर'. तो उणे १ ते अधिक १ यांच्यामध्येच राहतो. अधिक म्हणजे एक वाढली की दुसरीही वाढते. उणे म्हणजे एक वाढली की दुसरी घटते. शून्याजवळ म्हणजे सरळ रेषेतलं नातं दिसत नाही. यातला 'सरळ रेषेतलं' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एकदा वहीवर करून बघू. हे आकडे सरावासाठी बनवलेले आहेत. समजा, धरणगाव, एरंडोल, पारोळा अशा गावांहून येणारे आठ विद्यार्थी आहेत.

एका बाजूचा प्रवास (मिनिटं): १०, २०, ३०, ४०, ५०, ६०, ७०, ८०
आठवड्याचा स्वतःचा अभ्यास (तास): १४, १५, ११, १२, १०, ८, ९, ५

प्रवासाची सरासरी ४५ मिनिटं, अभ्यासाची १०.५ तास. आता प्रत्येक मुलाचा दोन्ही सरासरींपासूनचा फरक काढा. पहिला मुलगा प्रवासात सरासरीच्या ३५ खाली आणि अभ्यासात ३.५ वर. गुणाकार उणे १२२.५. असे आठही गुणाकार मिळवले की बेरीज येते उणे ५२०. प्रवासाच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ४२००, अभ्यासाच्या फरकांच्या वर्गांची ७४. या दोन बेरजांच्या गुणाकाराचं वर्गमूळ साधारण ५५७.५. उणे ५२० ला ५५७.५ ने भागा. उत्तर उणे ०.९३.

बस, इतकंच. सॉफ्टवेअर हेच करतं, फक्त डोळ्याचं पातं लवायच्या आत. एकदा हाताने केलं की तक्त्यातला आकडा परका वाटत नाही आणि तोंडी परीक्षेत घड्याळाकडे बघावं लागत नाही.

क्लिक कुठे करायचं?

लॅबमध्ये एसपीएसएस असेल तर खाली 'व्हेरिएबल व्ह्यू' नावाचा टॅब आहे, तिथून सुरुवात करा. 'मेझर' या रकान्यात तीन पर्याय दिसतात : स्केल, ऑर्डिनल, नॉमिनल. मिनिटं, तास, गुण, रुपये हे स्केल. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' हे ऑर्डिनल, कारण त्यात क्रम आहे, पण दोन पायऱ्यांमधलं अंतर सारखंच आहे याची खात्री नाही. कला १, वाणिज्य २, विज्ञान ३ हे नॉमिनल. हे तीन आकडे नुसती नावं आहेत. त्यांचा टक्केवारीशी 'आर' काढला तर सॉफ्टवेअर बिचारं निमूट काढून देतं, त्याला वाणिज्य म्हणजे काय हे माहीत नसतं. अर्थ मात्र काहीच नसतो.

मग आलेख. 'ग्राफ्स' मेनूतून 'चार्ट बिल्डर', तिथे 'स्कॅटर'. आडव्या अक्षावर प्रवास, उभ्या अक्षावर अभ्यास. हा स्कॅटर प्लॉट आधी, आकडा नंतर. क्रम बदलू नका.

आता 'ॲनालाइझ', त्यात 'कोरिलेट', त्यात 'बायव्हेरिएट'. दोन्ही नावं उजवीकडच्या चौकटीत न्या, 'पिअर्सन' वर टिक ठेवा, ओके.

घरच्या लॅपटॉपवर एसपीएसएस नाही म्हणून अडून राहायचं कारण नाही. ते विकतचं सॉफ्टवेअर आहे. जास्प, जामोव्ही आणि पीएसपीपी ही तिन्ही फुकट आहेत आणि कायदेशीर आहेत. जास्पमध्ये आणि जामोव्हीतही सहसंबंध 'रिग्रेशन' या बटणाखाली सापडतो. कोड लिहायची तयारी असेल तर 'आर' नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. गंमत म्हणजे गुणांकाचं आणि त्याचं नाव एकच, पण दोघांचा काही संबंध नाही. एक्सेलमध्ये 'कोरेल' या फंक्शनने नुसता आकडा मिळतो.

आता तो जास्तीचा शून्य टाकून बघा

वरच्या यादीत शेवटच्या मुलाचे ५ तास खोडून ५० करा आणि पुन्हा चालवा. मघाशी उणे ०.९३ होतं. आता अधिक ०.४४! आठपैकी सात जणांचे आकडे जसेच्या तसे आहेत. फक्त एका रकान्यात एक शून्य जास्त आहे आणि निष्कर्षाचं तोंड उत्तरेचं दक्षिणेला झालं. सॉफ्टवेअरने लाल दिवा लावला नाही, शिट्टीही वाजवली नाही. आलेख काढला असता तर तो एकटा ठिपका लगेच दिसला असता.

'बायव्हेरिएट'च्या त्याच खिडकीत 'स्पिअरमन' असाही पर्याय आहे. चार्ल्स स्पिअरमनने १९०४ मध्ये सुचवलेली ही पद्धत मूळ आकडे न घेता त्यांचे क्रमांक घेते. सर्वांत कमी तो पहिला, त्याच्या वरचा दुसरा, असं. आपल्या बरोबर आकड्यांवर स्पिअरमन उणे ०.९३ च देतो. चुकलेल्या आकड्यांवर तो उणे ०.२६ देतो. म्हणजे तोही लंगडतो, पण दिशा सोडत नाही. पिअर्सन आणि स्पिअरमन यांच्यात एवढा फरक दिसला की समजायचं, डेटात कुठेतरी पाणी मुरतंय. ऑर्डिनल उत्तरांसाठीही स्पिअरमनच घ्या.

अजून एक जुना सापळा आहे. फॉर्ममध्ये उत्तर रिकामं आलं म्हणून कुणी ९९९ टाकतं. 'मिसिंग' या रकान्यात तसं सांगितलं नाही, तर सॉफ्टवेअर त्या मुलाने खरोखर ९९९ तास अभ्यास केला असं समजतं.

फ्रान्सिस ॲन्सकोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हीच गोष्ट सगळ्या जगाला दाखवली. त्यांनी अकरा-अकरा जोड्यांचे चार संच बनवले. चारही संचांचा 'आर' जवळपास सारखा, ०.८२. आलेख काढले तर एकात ठिपके नीट रेषेभोवती, दुसऱ्यात चक्क कमान, तिसऱ्यात एक ठिपका रेषा ओढून नेतोय आणि चौथ्यात सगळा सहसंबंध एकाच ठिपक्याच्या जिवावर. आकडा एक, गोष्टी चार.

रावेरची केळी आणि शून्य 'आर'

आता मघाचा तो 'सरळ रेषेतलं' शब्द. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी रावेर, यावल, चोपड्याकडे केळीची बाग आहे, त्यांना हे पुस्तकाशिवाय माहीत आहे. कडाक्याच्या थंडीत केळीची वाढ अडते. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला आणि गरम वारे सुटले की पानं करपतात, घड सटकतात. मधल्या उबदार हवेत बाग जोमात असते.

सरावासाठी समजा, तापमान १०, १५, २०, २५, ३०, ३५, ४० अंश आणि वाढीला दिलेले गुण १, ३, ५, ६, ५, ३, १. 'आर' काढा. उत्तर येतं शून्य, अगदी नेमकं शून्य. उद्या कुणी त्यावरून 'तापमानाचा केळीच्या वाढीशी संबंध नाही' असं लिहिलं, तर घरचे आजोबा बागेत नेऊन उभे करतील. संबंध आहे आणि भरपूर आहे. फक्त तो रेषेचा नसून कमानीचा आहे, आणि 'आर'ला कमान दिसत नाही. आणखी एक गोष्ट, फक्त हिवाळ्याचेच आकडे घेतले असते तर 'आर' जोरदार अधिक आला असता आणि फक्त उन्हाळ्याचे घेतले असते तर जोरदार उणे. आकडे कोणत्या काळातले, कोणत्या टप्प्यातले, हे लिहायला विसरू नका.

तक्ता कसा वाचायचा?

एसपीएसएसचा तक्ता पहिल्यांदा बघितला की गोंधळ होतो, कारण प्रत्येक आकडा दोनदा छापलेला असतो. कर्णावर सगळीकडे १ असतो, म्हणजे प्रत्येक गोष्टीचा स्वतःशीच सहसंबंध. तो सोडून द्या. उरलेल्या चौकटीत तीन ओळी असतात : 'आर', त्याखाली 'सिग' म्हणजे पी व्हॅल्यू, त्याखाली 'एन' म्हणजे किती जणांचा डेटा.

पी व्हॅल्यूचा अर्थ असा : या दोन गोष्टींचा प्रत्यक्षात काहीच संबंध नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा 'आर' मिळण्याची शक्यता किती? ती ०.०५ पेक्षा कमी असली की एक स्टार, ०.०१ पेक्षा कमी असली की दोन. 'सिग'मध्ये .००० दिसलं तर रिपोर्टात 'पी = ०' लिहू नका. शक्यता शून्य नाही, ती ०.००१ पेक्षा कमी आहे इतकंच. तसंच लिहा.

खरी मेख 'एन'मध्ये आहे. दहा जणांचा डेटा असेल तर स्टार मिळवायला 'आर' साधारण ०.६३ हवा. तीस जण असतील तर ०.३६ पुरतो. शंभर असतील तर ०.२०. चारशे असतील तर अवघा ०.१०. म्हणजे स्टार हा संबंध किती घट्ट आहे हे सांगत नाही. तो घट्टपणा बघायला 'आर'चा वर्ग करा. ०.१० चा वर्ग ०.०१. चारशे जणांत स्टार मिळाला खरा, पण एका गोष्टीतल्या चढउतारापैकी जेमतेम १ टक्का दुसरीच्या चढउताराशी जुळतो. ०.३० चा वर्ग ०.०९, म्हणजे ९ टक्के. मग 'अत्यंत दृढ संबंध' असं लिहिताना पेन थोडं थांबायला हवं.

आणखी एक मोह असतो. प्रश्नावलीतल्या दहाच्या दहा गोष्टी चौकटीत ढकलायच्या आणि स्टार शोधत बसायचं. दहा गोष्टींच्या जोड्या होतात ४५. त्यांच्यात खरोखर काहीही संबंध नसला तरी ०.०५ च्या हिशेबाने सरासरी दोनेक जोड्यांना स्टार मिळणारच. त्या दोन उचलून त्यांच्याभोवती गृहीतक रचणं म्हणजे भिंतीवर बाण मारून मग त्याभोवती वर्तुळ काढणं. कोणती जोडी तपासायची हे डेटा गोळा करण्याआधी वहीत लिहून ठेवा.

'मुळे' हा शब्द जपून

२०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक गमतीदार टिपण छापून आलं. फ्रान्झ मेसर्ली या डॉक्टरांनी २३ देशांतला दरडोई चॉकलेटचा खप आणि लोकसंख्येच्या प्रमाणात मिळालेली नोबेल पारितोषिकं यांचा 'आर' काढला. आला ०.७९, पीसुद्धा झकास. मग काय, चॉकलेट खाऊन नोबेल मिळतं? श्रीमंत देशात चॉकलेटही परवडतं आणि प्रयोगशाळाही. दोन्हींच्या मागे तिसरीच गोष्ट उभी आहे.

आता आपल्या प्रवासाच्या उदाहरणाकडे वळा. खऱ्या सर्व्हेत उणे 'आर' आला, तर 'एसटीच्या प्रवासामुळे अभ्यास कमी होतो' असं लिहिता येईल का? लांबून येणाऱ्या अनेकांच्या घरी शेती असते. कापूस वेचणीच्या दिवसांत कॉलेजातून गेलं की थेट शेतात. काहींच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली नसते. अभ्यास कमी होतो तो बसमुळे, शेतातल्या कामामुळे की जागेमुळे, हे 'आर' सांगू शकत नाही. घरकामाचे तासही विचारले असतील तर 'कोरिलेट' मेनूतलाच 'पार्शियल' हा पर्याय वापरून घरकाम सारखं धरल्यावर किती संबंध उरतो ते बघता येतं. पण जे विचारलंच नाही, ते कुठलंही बटण दाबून मिळत नाही.

हे नुसतं मार्कांपुरतं नाही. त्याच आकड्यावरून एक जण लिहील, 'बाहेरगावच्या मुलांना अभ्यासात रस नाही.' दुसरा लिहील, 'बाहेरगावच्या मुलांना अभ्यासाला वेळ कमी मिळतो, कारण शोधायला हवं.' पहिल्या वाक्याने एक शिक्का बसतो. दुसऱ्याने बसच्या वेळापत्रकाचा, वसतिगृहाचा, वाचनालय उशिरापर्यंत उघडं ठेवण्याचा विषय निघू शकतो. त्या आठ ठिपक्यांत कदाचित तुम्ही स्वतःही असाल. कोणतं वाक्य तुमच्याबद्दल छापलेलं आवडेल?

आकडा शेतातच चुकला तर?

या विषयात नाव घ्यायलाच हवं असा एक मराठी माणूस आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. ज्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पिअर्सनने आयुष्य घालवलं, तिथेच ते शिकले. पुढे भारतात पिकांच्या उत्पादनाचे अंदाज नमुना पद्धतीने कसे काढायचे यावर त्यांनी मोठं काम केलं. मग १९५१ पासून जवळपास दोन दशकं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचा विभाग सांभाळला.

त्यांनी १९४० च्या दशकात दाखवलेली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. शेतात छोटासा तुकडा आखून तेवढंच पीक कापायचं आणि त्यावरून एकरी उत्पादन काढायचं, अशी पद्धत होती. तुकडा फार लहान असला की अंदाज जास्त निघायचा. कारण सोपं आहे. रेषेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, या शंकेत मोजणारा माणूस ते आत धरतो. तुकडा जितका लहान, तितका काठाचा वाटा मोठा आणि चूकही मोठी. कॉम्प्युटर नसलेल्या काळातली ही चूक आजच्या कुठल्याही सॉफ्टवेअरलाही पकडता येणार नाही, कारण ती शेताच्या बांधावरच झालेली आहे.

तुमचा बांध म्हणजे तुमचा गुगल फॉर्म. तो फक्त वर्गाच्या ग्रुपवर टाकला, तर मोबाइलला रेंज नसलेल्या गावातला मुलगा त्यात येतच नाही. फॉर्म फक्त वाचनालयात बसलेल्यांकडून भरून घेतला, तर अभ्यास न करणारे सुटतात. शेवटच्या रात्री दोघांनी मिळून वीस फॉर्म स्वतःच भरले, तर सॉफ्टवेअर काय करील बापडं?

रिपोर्टात काय लिहाल?

सरावाच्या आकड्यांवरूनच एक नमुना देतो : 'आठ विद्यार्थ्यांच्या माहितीनुसार प्रवासाचा वेळ आणि साप्ताहिक अभ्यास यांच्यात ऋण सहसंबंध आढळला (आर = उणे ०.९३, पी ०.००१ पेक्षा कमी, एन = ८). आलेखात नातं साधारण सरळ रेषेचं दिसतं. नमुना लहान आहे आणि घरकामाची माहिती घेतलेली नाही, त्यामुळे कारणाबद्दल विधान करता येत नाही.' तीन वाक्यं. शेवटचं वाक्य लिहायला लाज वाटू देऊ नका. परीक्षक बहुधा तिथेच मान डोलावतात.

आणि स्टार नाहीच आला तर? तेही लिहा. नीट प्रश्न विचारला, नीट माहिती गोळा केली आणि संबंध दिसला नाही, तर तेही उत्तरच आहे. त्यासाठी कुणाला पैसे देऊन आकडे 'बसवून' घ्यायची गरज नाही. बसवलेल्या आकड्यांवर पहिला प्रश्न आला की उत्तर द्यायला बसवणारा तिथे नसतो, तुम्ही असता.

तर आज संध्याकाळी एक करा. जास्प किंवा जामोव्ही उतरवून घ्या, वरचे आठ आकडे टाका, आधी आलेख बघा, मग 'आर' काढा. मग ५ चे ५० करा आणि काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे. त्यानंतर लॅबमध्ये कुणी विचारलं, "काय भो, स्टार आला का?" तर तुम्ही उलट विचाराल, "थांब, आलेख काढलास का?"